स्वराली अपडेट होत आहे

सप्तपर्णी सहकारी बँकेच्या अध्यक्षांनी, म्हणजे रावसाहेबांनी, एकदा नातवाच्या मोबाइलमध्ये पैसे पाठवल्यावर रंगीत कागदाचे तुकडे उडताना पाहिले आणि बँकेचे ग्रह फिरले. संचालकांच्या पुढच्याच बैठकीत ते म्हणाले, की आपल्याकडेही असं काहीतरी उडालं पाहिजे, आणि दिवाळीच्या आत उडालं पाहिजे. एरवी पंखा दुरुस्त करायला वर्ष घेणाऱ्या संचालक मंडळाने हा ठराव चहा येण्याआधी मंजूर केला.

मग नकलेला ऊत आला. नव्या कंपन्यांची अ‍ॅपं जांभळी असतात म्हणून सप्तपर्णीचंही जांभळं झालं. त्या कंपन्या वाढदिवसाला पडद्यावर केक दाखवतात म्हणून सप्तपर्णीही दाखवू लागली. मात्र जुन्या काळी शाळेत घालताना निम्म्या मुलांची जन्मतारीख मास्तरांनी एक जून टाकलेली. त्यामुळे एक जूनला निम्म्या पेन्शनरांचे केक एकदम कापले गेले आणि अ‍ॅप दोन दिवस उठलं नाही.

या सगळ्याचा कळस म्हणजे स्वराली. ग्राहकाशी गप्पा मारणारं मशीन. ते बाहेरून विकत आणलं होतं आणि मराठी शिकून आलंय असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. चाचणीच्या दिवशी रावसाहेबांनी स्वतः आपल्या खात्यात किती शिल्लक आहे असं विचारलं. मशीनने बॅलन्सचं मराठी केलं आणि उत्तर दिलं, ‘तुझा तोल कमी आहे. कृपया तो वाढव.’ रावसाहेब तेव्हा उभे होते. ते खाली बसले.

उद्घाटनाच्या पत्रिका वाटून झाल्या होत्या. तेव्हा डिजिटल विभागाच्या सलिलने तोड काढली. बाणेरच्या कुठल्याशा कंपनीतून जास्त पगारावर आणलेला हा तिशीतला मुलगा पायमोजे न घालता बूट घालायचा. त्याने मशीन बंद केलं आणि त्याच्या जागी माणूस बसवलं. मशीन नीट शिकेपर्यंत, तात्पुरतं. नारायण पेठेच्या शाखेत जिन्याखाली स्टेशनरीची खोली होती. तिथले गठ्ठे हलवून एक टेबल, एक संगणक ठेवला, आणि कॅश काउंटरवरच्या श्यामला गोळे यांना सांगितलं, की उद्यापासून तुम्ही स्वराली.

श्यामला पन्नाशी ओलांडलेली. मराठी टंकलेखन चांगलं, नियम पाठ आणि नाही म्हणायची सवय नाही. तात्पुरतं म्हणून बसवलं ते बसवलंच. मशीन काही शिकेना आणि श्यामला काही उठेना. ग्राहकाने प्रश्न विचारला, की त्याच्या पडद्यावर ‘स्वराली विचार करतेय’ अशी अक्षरं नाचत. तेव्हा श्यामला बहुधा चष्मा शोधत असे. जेवायच्या सुट्टीत ‘स्वराली अपडेट होत आहे’ अशी पाटी लागे. मशीन रोज दीड ते दोन अपडेट होतं आणि नंतर त्याला थोडी सुस्ती येते, हे कोणाच्या कसं लक्षात आलं नाही, याचं तिला नवल वाटे. पण पुण्यात दुपारी बंद असण्याचं नवल करायचं तरी कोणी?

सलिलची तिच्याशी रोज एका शब्दावरून खडाजंगी व्हायची. तो शब्द म्हणजे ‘तू’. नव्या कंपन्या ग्राहकाला तू म्हणतात, म्हणून स्वरालीनेही म्हणायचं. आपण नाही, तुम्ही नाही, अहो तर मुळीच नाही. आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी एक पिवळं हसरं तोंड. श्यामलाने समजावून पाहिलं, की आपले ग्राहक सदाशिव-नारायण पेठेतले आहेत, बायकोलासुद्धा चारचौघांत अहो म्हणणारे आहेत. सलिल म्हणाला, “मॅडम, फ्रेंडली वाटलं पाहिजे. आपण म्हटलं की लोकांना बँकेत आल्यासारखं वाटतं.”

ग्राहकांनी आपल्या परीने उत्तर दिलं. एका निवृत्त प्राचार्यांनी लिहिलं, ‘आपण एका बाकावर होतो काय?’ दुसऱ्या एकांनी मुदत ठेवीबद्दल विचारलं होतं. उत्तरातला तू वाचून त्यांनी कळवलं, की यंत्रास आमची मुंज झाल्याचे ठाऊक नसावे. श्यामला ही उत्तरं मान खाली घालून वाचायची. प्रत्येक तू टाइप करताना आपल्याच हाताने कोणाच्या तरी टोपीला टिचकी मारतोय असं तिला वाटे.

तरी तिने ती खोली सोडली नाही आणि दुसऱ्या शाखेत बदलीही मागितली नाही. त्याला कारण होतं. महिन्यातून एकदा तिथे तिची आई यायची.

आई, म्हणजे प्रमिला पाटणकर, कर्वेनगरला मुलगा आणि सून ऋचा यांच्याकडे राहायची. बाबा गेल्यानंतर त्यांची पेन्शन तिच्या खात्यात या शाखेत येई. तिला कार्ड नको होतं, अ‍ॅप नको होतं. स्लिप भरायची, पैसे घ्यायचे, पासबुक छापून घ्यायचं. श्यामलाचा धाकटा भाऊ आमोद हिंजवडीतल्या मोठ्या कंपनीत मोठ्या जागेवर होता. तो घरून काम असेल त्या दिवशी आईला गाडीने आणायचा. शाखेसमोर गाडी लावायला जागा नसे, म्हणून तो इंडिकेटर लावून गाडीतच बसे, आणि आई एका हाताने कठडा व दुसऱ्या हाताने रामदास शिपायाचा खांदा धरून पायऱ्या चढे. मग रामदास जिन्याखालच्या खोलीवर टकटक करी. श्यामला बाहेर येई. काउंटरच्या जाळीखालून आई तिला एक स्टीलची डबी सरकवी; कधी त्यात मेथीचा लाडू, कधी नुसती आवळ्याची सुपारी. श्यामला गेल्या महिन्याची डबी परत देई. छापायचं यंत्र कुरकुरत पासबुक छापे तेवढा वेळ दोघी बोलत. ते यंत्र जुनं झालं होतं आणि अडकायचं. बँकेत त्याला शिव्या न देणारं एकच माणूस होतं.

घरी जाऊन का भेटत नव्हती, तर भावाने येऊ नको म्हटलं होतं. बाबांना अस्वस्थ वाटू लागलं तो दिवस. आमोद आतल्या खोलीत परदेशातल्या लोकांशी मीटिंगमध्ये होता. आईने दोनदा दार वाजवलं, त्याने दोनदा हाताने थांब अशी खूण केली. दवाखान्यात न्यायला उशीर झाला. लवकर नेलं असतं तर वाचले असते का, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. पण तेराव्याला सगळे नातेवाईक जेवायला बसलेले असताना श्यामला शांतपणे म्हणाली, “चुकलं बाबांचंच. मीटिंग संपेपर्यंत थांबायला हवं होतं त्यांनी.”

पंगतीत कोणी घास उचलला नाही. वाढत्या वयात एकमेकांच्या वेण्या आणि चड्ड्या ओढलेल्या त्या भावाने ताटावरून उठून, हात धुऊन, बहिणीला सांगितलं, “आपण आता निघावं. आणि पुन्हा येण्याचे कष्ट घेऊ नयेत.”

ते आपण तिथून सुरू झालं. भाऊबहिणीत आपण आलं, की समजावं आता मधे भिंत घालायला गवंडी लागत नाही. पुढे काही निरोप द्यायचाच झाला तर तो याच भाषेत जाई. आईंची तपासणी झाली आहे, आपणास कळावे. कळले, आभारी आहे.

पावसाळा संपत आला होता तेव्हाची गोष्ट. सकाळी बँकेच्या साइटवरून कोणीतरी स्वरालीशी बोलू लागलं आणि पडद्यावर खातेदाराचं नाव उमटलं: प्रमिला पाटणकर. श्यामलाने चष्मा सावरला. पण मजकूर आईचा नव्हता.

‘आईचं अकाउंट आहे, मी मुलगा. तिला ब्रँचला न येता सगळं ऑनलाइन करायचंय. प्रोसेस सांग.’

याचं उत्तर तयार होतं. सलिलनेच लिहून दिलेलं. ‘एकदम सोप्पं! आईला फोनसमोर बसव, व्हिडिओवर ओळख पटव, की झालं. आता बँकच तुझ्या घरी!’ आणि पिवळं तोंड. श्यामलाने बोट त्या उत्तरावर नेलं आणि तिथेच ठेवलं. हे पाठवलं की डबी बंद.

तिने लिहिलं, ‘ऐंशी वर्षांवरील ग्राहकाने महिन्यातून एकदा शाखेत यावं लागतं. तू तिला घेऊन ये.’ हसरं तोंडही लावलं.

‘कुठल्या नियमाने? तुमच्या साइटवर घरबसल्या म्हटलंय.’

‘नियम नवीन आहे.’

‘सर्क्युलर पाठव.’

‘ते लवकरच उपलब्ध होईल.’

आमोद मशीन बनवणाऱ्यांच्यात वावरणारा माणूस. मशीन अडलं तर त्याला खरं कारण सांगावं, म्हणजे ते नीट उत्तर देतं, अशी त्याची समजूत असावी. माणसाला त्याने मेलं तरी सांगितलं नसतं, ते त्याने मशीनला सांगितलं. ‘ऐक. त्या ब्रँचमध्ये एक बाई कामाला आहे. आई तिला भेटायला येते, पैशांसाठी नाही. घरी येऊन दोन दिवस गप्प बसते. मला हे बंद करायचंय. ऑप्शन दे.’

श्यामलाने ते वाचलं. एक बाई. त्याच्या पडद्यावर स्वराली विचार करत असल्याची अक्षरं नाचत होती, आणि इथे स्वरालीचे कान तापले होते. तिने टाइप केलं, पुसलं नाही आणि पाठवून दिलं.

‘आपल्या आईंना काय हवं आहे, हे आपण त्यांना विचारण्याचे कष्ट घेतलेत का?’

पलीकडून एकच शब्द आला.

‘श्यामला?’

तिने पाटी लावली. स्वराली अपडेट होत आहे. तेव्हा जेमतेम अकरा वाजले होते.

दुपारी आमोद शाखेत हजर. हिंजवडीच्या चौकातली वाहतूककोंडी पार करून आला होता, म्हणजे रागात काही उणं नव्हतं. तो थेट सलिलच्या काचेच्या केबिनमध्ये गेला आणि म्हणाला, की तुमच्या चॅटबॉटच्या मागे माझी बहीण बसली आहे. सलिलने शिकवल्याप्रमाणे हसून सांगितलं, की सर, स्वराली इज अ मशीन. आमोद म्हणाला, की मशीनला माझ्याशी भांडायला कोणी शिकवलं? सलिलचा चेहरा उतरला. कारण रावसाहेबांनी वार्षिक सभेत टाळ्या घेऊन सांगितलं होतं, की बुद्धिमान यंत्र बसवणारी पेठेतली पहिली बँक आपली. बाई बसली आहे म्हटलं तर बाईची नोकरी जाईल तेव्हा जाईल, आधी सलिलची जाणार.

त्याने श्यामलाला आत बोलावलं. बहीणभाऊ बाबांच्या तेराव्यानंतर प्रथमच समोरासमोर उभे राहिले. आमोदचे केस विरळ झाले होते. थेट बाबांसारखे, कपाळापासून मागे. ते तिला दिसलं आणि तिचा जास्तच संताप झाला.

“ते आपण लिहिलंत?” त्याने विचारलं.

“मी काउंटरवरची,” श्यामला म्हणाली. “मला मशीनमधलं काय कळतंय? आपण त्यातले जाणकार.”

“ऐका, ऐका,” आमोद सलिलकडे वळून म्हणाला. “हेच ते आपण. असं आपण जगात एकच बाई म्हणते.” त्याने फोन काढला. “आता या इथेच उभ्या राहतील. हात टेबलावर. मी स्वरालीला प्रश्न विचारतो. उत्तर आलं तर मशीन.”

सलिलने घाम पुसला आणि आपल्या लॅपटॉपवर काहीतरी दाबलं. श्यामलाला समजलं, त्याने खरं मशीन चालू केलं. आमोदने लिहिलं, ‘तू कोण आहेस?’ उत्तर पापणी लवायच्या आत आलं. त्याने ते वाचलं, आणि सवयीने मोठ्याने वाचलं.

“मी स्वराली आहे. मी तुला मदत करण्यासाठी इथे उभी आहे. तुझा तोल गेला आहे का?”

बाहेर पासबुकाचं यंत्र कुरकुरत होतं. आमोदने फोन खिशात ठेवला. “मशीनच आहे,” तो म्हणाला. “असलं मराठी आमच्या घरात कोणी बोलत नाही.”

सलिलला हायसं वाटलं आणि त्या भरात तो उदार झाला. सर, तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आईंनी शाखेत यायची गरजच नाही. आत्ताच्या आत्ता करून देतो. आणि श्यामलाच्या देखत, तिथेच, त्याने ते करून टाकलं. आईला फोन लागला, आईचा चेहरा पडद्यावर आला, कॅमेऱ्याच्या अंमळ बाजूला बघणारा. नाव विचारलं, तिने सांगितलं. जन्मतारीख विचारली, तिने एक जून सांगितली आणि म्हणाली, की ती खरी नाही. सलिल म्हणाला, चालेल. मागे उभी असलेली श्यामला तिला दिसली का, ते समजायच्या आत पडदा जांभळा झाला आणि रंगीत कागदाचे तुकडे उडाले.

दाराशी आमोद थांबला. “आपण तब्येतीला जपावं,” तो म्हणाला.

“आपणही,” श्यामला म्हणाली. “आणि गाडीलाही. ते उचलून नेतायत.”

खरोखरच नेत होते. टोइंगवाल्यांच्या मागे धावणारा भाऊ तिने काचेतून शेवटपर्यंत पाहिला. तेवढंच समाधान. नंतर सलिलने दार लावून तिला जे ऐकवलं, त्यात एक वाक्य खरं होतं: ग्राहकाला खोटं सांगायचा तिला अधिकार नव्हता. बाकीचं इंग्रजीत होतं.

पुढच्या महिन्यात रामदासने दारावर टकटक केली नाही. आईची डबी श्यामलाच्या पर्समध्ये होती. मागच्या खेपेची, धुऊन पुसून ठेवलेली. ती रोज घरून आणायची आणि रोज परत न्यायची. नवऱ्याने एकदा विचारलं, की हिच्यात काय आहे, तर म्हणाली, काही नाही. आणि खरंच काही नव्हतं.

ग्राहकांना मात्र ती आता कडकडीत तू म्हणू लागली. तिला कोणाच्याच टोपीची पर्वा उरली नव्हती. प्राचार्यांनी व्याज कधी जमा होणार असं विचारलं, तर तिने लिहिलं, ‘होईल तेव्हा तुला दिसेल.’ सलिल म्हणाला, टोन सुधारतोय.

एका सकाळी पडद्यावर पुन्हा ते नाव आलं: प्रमिला पाटणकर. श्यामलाने दात आवळले. पण या मजकुराला ना स्वल्पविराम, ना पूर्णविराम. तोंडाने बोलून उमटवलेली अक्षरं होती ती.

‘शामे आहेस का’

तिने हात मागे घेतला. मजकूर येत राहिला, आई बोलायची तसाच, थांबत थांबत.

‘आमोद ऋचाला सांगत होता मशीनबिशीन काही नाही तीच बसली आहे मी ऐकलं ऋचानेच हे बोलायचं बटण दाखवलं’

‘त्याला खोटं का सांगितलंस माझे गुडघे गेले तुझ्या त्या पायऱ्यांनी’

‘येत होते ते काय पासबुक बघायला’

श्यामलाने डोळे पुसले आणि लिहिलं, ‘आई, चुकलं माझं.’ सवयीने पुढे पिवळं तोंड उमटलं.

‘ते हसतंय कोण’ आईने विचारलं. ‘काढ ते’

तिने काढलं. म्हणजे पुढच्या उत्तरापासून लावायचं बंद केलं.

‘आता ऐक तेराव्याला बोललीस ते वाईट बोललीस तो दार उघडत नव्हता तेही वाईट दोघं मला मधे बसवून आपण आपण करताय मला कोणी विचारलं का’

‘तू सांग,’ श्यामलाने लिहिलं. ‘तुला काय हवंय?’

सलिल नेमका तेव्हा खोलीत डोकावला. रोजची तपासणी. त्याने तिच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिलं. वरचं काही वाचलं नाही, शेवटची ओळ तेवढी वाचली. “बघा मॅडम,” तो खूश होऊन म्हणाला. “हाच तो तू. इतके दिवस मी हेच सांगतोय. किती नॅचरल वाटतो.”

पडद्यावर आईचं उत्तर उमटत होतं.

‘माझी डबी राहिली तुझ्याकडे ती आणून दे घरी आणून दे’

आणि मग, श्यामला काही लिहिणार इतक्यात,

‘आमोद आज घरीच आहे मीटिंगमध्ये आहे दार मी उघडीन त्याने काही विचारलं तर डबी द्यायला आले म्हण आणि त्याला आपण म्हणायचं नाही’

श्यामलाने लिहिलं, ‘येते.’ मग पर्स उचलली आणि पाटी लावली.

सलिलने घड्याळ पाहिलं. “मॅडम, आत्ता? लंचला वेळ आहे अजून. ग्राहक लाइनवर आहेत.”

“मशीन आहे, सलिल,” ती चपला घालत म्हणाली. “बंद पडतं कधी कधी.”

“मग मी काय करू?”

“खरं चालू कर की. त्याला काय पगार द्यावा लागतो?”

हे तिने त्याला तूच म्हटलं. ती पायऱ्या उतरून रिक्षा शोधू लागली. मागे काचेच्या केबिनमध्ये सलिलने नाइलाजाने बटण दाबलं, आणि कर्वेनगरची रिक्षा मिळेपर्यंत पेठेतल्या बऱ्याच सभ्य गृहस्थांना त्यांचा तोल गेल्याचं कळलं.